ओढ्यापर्यंतचं खोटं

डिंगोऱ्याच्या हौशीरामची जीप एखाद्या सासुरवाशिणीच्या दारात उभी राहिली, की ती बाई त्याच्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघायची. हातात पिशवी असली तर हौशीराम पाहुणा म्हणून आलाय. आईनं शेंगा धाडल्यात, नाहीतर भावजयीनं पापड. हात रिकामे असले तर मात्र बाईचं काळीज लक्कन हलायचं. रिकाम्या हातानं हौशीराम एकाच कामासाठी यायचा. माहेरी कुणीतरी गेलेलं असायचं, आणि लेकीला आणायला गावानं त्याला धाडलेलं असायचं.

आईबापांनी नाव ठेवलं हौशीराम आणि नशिबानं काम दिलं हे असलं. तसा तो हौशीच गडी. तरणेपणी जुन्नर ते ओतूर प्रवासी जीप चालवायचा, आरशाला गोंडे, पुढं देवाचा फोटो, मागं शेरोशायरी. माणसं आत बसवून संपली की टपावर बसवायचा, आणि टपावरची संपली की म्हणायचा, "पावणं, जरा दम काढा, मागची गाडी बी माझीच हाये." मागं गाडी कुठली आलीय! पण माणसं हसायची आणि थांबायची. खोटं बोलावं तर ते हौशीरामनंच, असं तेव्हाच लोक म्हणायचे.

गावात मयत झाली की सगळ्या कामांना माणसं मिळतात. तिरडी बांधायला मिळतात, लाकडं फोडायला मिळतात, सरपंचाला नि पोलीस पाटलाला सांगायला तर चढाओढ लागते. पण लेकीच्या सासरी जाऊन, तिच्या डोळ्यांत बघून, "चल" म्हणायला कुणी पुढं होत नाही. भाऊ म्हणतो मला इथं थांबायला पाहिजे, चुलता म्हणतो माझं बीपी. मग कुणीतरी म्हणतं, जीप कुणाची हाये? आणि ज्याची जीप, त्याच्या गळ्यात ते काम पडतं. हौशीरामच्या गळ्यात ते असंच पडलं आणि पुढं कधी निघालंच नाही.

पहिल्या खेपेला कसं सांगावं ते त्याला कळत नव्हतं. रखमाजी म्हातारा गेला होता आणि त्याची लेक शीला मंचरला दिलेली. हौशीराम तिच्या दारात गेला, घरात दुसरं माणूस नव्हतं, शीला चुलीपुढं भाकरी थापत होती. त्यानं उभ्या उभ्या सांगून टाकलं, "शीलाताई, म्हातारा गेला." ती उठायला गेली आणि तोल जाऊन तव्यावर पडली. कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजला. भाजलेला हात ओल्या फडक्यात गुंडाळून ती मंचरपासून डिंगोऱ्यापर्यंत मागच्या सीटवर एकटी रडत आली, आणि पुढं बसलेल्या तरण्या हौशीरामला वळून बघायचंही धाडस झालं नाही. बाई रडते तेव्हा तिला कुणीतरी धरावं लागतं. परक्या ड्रायव्हरनं धरायचं कसं?

त्या दिवशी हौशीरामनं ठरवलं, की दारात खरं सांगायचं नाही. खरं तिथं सांगायचं, जिथं धरायला चार बाया आहेत.

मग त्याची रीत बसली. दारात बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही. आधी घरातल्या कर्त्या माणसाला गोठ्याकडं नाहीतर गल्लीच्या तोंडाशी बोलावून हळू आवाजात सांगायचं. लेकीला मात्र एवढंच, "म्हातारीला जरा बरं न्हाई. तुझी लई याद काढतीया. चल, भेटून ये." आणि निघाले की बोलत राहायचं. कांद्याला काय हवा आहे, कुणाच्या उसात बिबट्यानं पिल्लं घातलीत, कुणाच्या पोराचं कुठं जमलं. मधेच बाई विचारायची, "हौशीदादा, बोलती ना आई?" तो म्हणायचा, "बोलती म्हंजे! सकाळी मलाच दोन शिव्या घातल्या." बाई रडता रडता हसायची. त्या हसण्यासाठी हौशीराम वाट्टेल ते रचायचा. मेलेल्या म्हाताऱ्यांना त्यानं पेज पाजली, उठवून बसवलं, विडी ओढायला लावली.

गावाच्या अलीकडं एक ओढा आहे, त्यावर छोटा पूल. पुलाच्या कडेला करंजाचं झाड. तिथं तो जीप थांबवायचा, उतरायचा, बाटली घेऊन लेकीच्या बाजूचं दार उघडायचा आणि म्हणायचा, "बाय, तोंड धुऊन घे." बस्स, एवढंच. त्यापुढं सांगावं लागत नसे. तोवर गावातल्या बाया पलीकडच्या वळणावर येऊन थांबलेल्या असायच्या. हौशीराम जीप हळू पुढं न्यायचा, बाया हात पुढं करायच्या, आणि त्याचं काम संपायचं. पंचक्रोशीत त्याचं हे वाक्य इतकं पक्कं झालं, की घरात पोराला कुणी सहज "तोंड धुऊन घे" म्हटलं तरी म्हातारी खेकसायची, "मेल्या, नीट बोल की, हात-पाय धू म्हण!"

पुढं मोबाईल आले आणि त्याच्या रितीचं वाटोळं झालं. एकदा मंचरहून एका पोरीला घेऊन येताना, तो तिच्या बापाला पेज पाजत असताना, तिच्या फोनवर बापाचा हार घातलेला फोटो आला, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. कुणा उत्साही पोरानं स्टेटस ठेवला होता. त्यानंतर हौशीराम आधी नवऱ्याच्या कानात सांगायचा, "तिचा फोन चार्जिंगला लाव, न्हाईतर पाण्यात टाक." गावातही सगळ्यांना माहीत झालं होतं, लेकी येईपर्यंत स्टेटस ठेवायचा नाही. तरी एखादा असतोच. माणूस मेल्याचं दुःख कमी आणि पहिल्यांदा सांगायची घाई जास्त.

हौशीरामची स्वतःची लेक आरती. ओतूरच्या कॉलेजला होती तेव्हा एकदा घरी यायला ती बापाच्या जीपमध्ये बसली, आणि त्या दिवशी मागच्या सीटवर अशीच एक बाई होती. बाप काय काय सांगतोय ते पोरगी ऐकत राहिली. ओढ्याजवळ बाई कोसळली ती आरतीच्याच मांडीवर. घरी येऊन आरती जेवली नाही. म्हणाली, "आण्णा, किती गोड खोटं बोलता तुमी. त्या बाईला वाटलं आई जिती हाये. ती मनातल्या मनात आईशी बोलत व्हती."

"बोलू दे की," हौशीराम म्हणाला. "तेवढीच दोन घडी आई मिळती तिला."

"मला नको असली आई," आरती म्हणाली.

आणि लग्नाच्या दिवशी, सासरी जायला निघताना, सगळ्या बाया रडत असताना ही बापाच्या कानाशी येऊन म्हणाली, "आण्णा, माझ्या दारात कधी तसं येऊ नका. यायची वेळ आलीच तर दारातच खरं सांगा. द्या शब्द." हौशीरामला हसूही आलं आणि रडूही. म्हणाला, "आगं, आजच्या दिवशी काय मागतीस!" ती ऐकेना. शेवटी त्यानं शब्द दिला. लग्नात बापानं लेकीला काय काय दिलं ते लोकांनी पाहिलं. हे एक कुणी पाहिलं नाही.

आरतीला राजुरीला दिली होती. सासू लंकाबाई तोंडानं फटकळ पण पोटात माया असलेली, नवरा दादाभाऊ शेती बघून ट्रॅक्टरचं दुकान चालवणारा. पोरगी सुखात होती. हौशीराम जाताना कधी रिकाम्या हातानं गेला नाही. काही नसलं तर वाटेत आळेफाट्यावर थांबून केळी घ्यायचा, पण हातात पिशवी दिसेल अशी धरूनच दारात उतरायचा. लंकाबाई हसायची, "पावणं, पिशवी खाली ठेवा आता, कळलं आमाला."

या उन्हाळ्यात सरूबाईला धाप लागायला लागली. सरूबाई म्हणजे हौशीरामची बायको. आयुष्यभर न थकता राबलेली, आणि नवरा मयतीच्या खेपेवरून आला की त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवून पायावर पाणी घालणारी. पायाला सूज आली, चार पावलांत दम लागायला लागला. नारायणगावच्या डॉक्टरनं तपासलं, हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय म्हणाला. औषधं दिली, आणि अमृतला, म्हणजे हौशीरामच्या लेकाला, बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरी न्या. ज्यांना भेटायचंय त्यांना भेटून घेऊ द्या."

अमृत चाकणला कंपनीत. रजा टाकून आला होता. त्यानं तिथंच आरतीला लावायला फोन काढला. सरूबाईनं जीपमधून हात केला, "कुणाला लावतो रं?"

"ताईला."

"ठेव आधी तो."

राजुरीला आरतीच्या नणंदेचं, मोहिनीचं, लग्न ठरलेलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडव पडायचा होता, आणि आरती घरची थोरली सून. हळद तिनं लावायची, रुखवत तिनं मांडायचा, पाहुण्यांची उठबस तिनं करायची. सरूबाई धापा टाकत म्हणाली, "तिला कळलं तर ती सारं टाकून येईल. मंग लंकाबाईच्या घरात जन्मभर बोलणं व्हईल, सुनंच्या आईनं कार्यात खोडा घातला म्हणून. लग्न पार पडू द्या. मी काय लगीच चालली न्हाई."

"आगं पण डॉक्टर..." हौशीराम म्हणाला.

"डॉक्टरला काय ठावं? आवं, तुमी गावच्या लेकींशी जन्मभर खोटं बोलला. माझ्यापायी आपल्या लेकीशी थोडं बोला."

यावर हौशीरामनं मान डोलावली. डोलवायला नको होती.

रोज संध्याकाळी आरतीचा फोन यायचा. लग्नघराचा गलका मागं ऐकू यायचा. "आण्णा, आई कशी हाये?" हौशीराम खाटेकडं बघायचा. उशांच्या चवडीला टेकून सरूबाई श्वास ओढत असायची. तो म्हणायचा, "बरी हाये की. आत्ताच भाकरी खाल्ली." सरूबाई खाटेवरून मान हलवून शाबासकी द्यायची. एकदा तर तिनं स्वतः फोन घेतला आणि सगळा जीव गोळा करून खणखणीत आवाजात बोलली, रुखवतात काय काय ठेवायचं ते सांगितलं, चिडवलंसुद्धा. फोन ठेवला आणि मग तिला बराच वेळ श्वास सापडेना. अमृत बाहेर जाऊन भिंतीला डोकं लावून उभा राहिला.

लग्नाला हौशीराम एकटाच गेला. व्याह्याच्या घरचं कार्य, न जाऊन भागणार नव्हतं. नवा पांढरा शर्ट, टोपी, हातात आहेराची पिशवी. मांडवात आरती नुसती धावत होती, डोक्यावरचा गजरा सुटलेला, तोंड लाल. बापाला बघून थांबली.

"आई का न्हाई आली?"

"गुडघा धरलाय तिचा. गाडीत बसवंना."

आरतीनं त्याच्याकडं बघितलं. तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली, भटजी तांदूळ मागत होते. ती जाता जाता म्हणाली, "उद्या मांडव उतरला की मी येते तिच्याकडं. लाडू आणते. आन् तिच्यासाठी हिरवी साडी घेतलीया, तिला सांगू नका."

हौशीराम तिथंच बोलू शकला असता. अक्षता पडायच्या होत्या, बँड वाजत होता, तरी चार शब्द बोलायला वेळ होता. तो म्हणाला, "उद्या ये. नक्की ये." आणि त्याला वाटलं, निभावलं. एकच तर रात्र राहिलीय.

घरी आल्यावर सरूबाईनं लग्नाचं सगळं विचारून घेतलं. जेवणात काय होतं, नवरा मुलगा कसा आहे, आरती कोणतं लुगडं नेसली होती. हौशीरामनं साडीचं तेवढं लपवलं, बाकी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. सरूबाई हसली. "उद्या येती ना?" म्हणाली. "येती," तो म्हणाला. "मंग कुरडयांची पिशवी काढून ठेवा. तिच्यासाठी केल्यात. मागच्या वक्ताला विसरली व्हती."

पहाटे त्यानं चहा ठेवला आणि हाक मारली. सरूबाईनं ओ दिली नाही. त्यानं खांद्याला हात लावला. मग तो ओसरीवर झोपलेल्या अमृतपाशी गेला आणि म्हणाला, "उठ रं. आईला बघ." त्याच्या तोंडून तेवढंच निघालं.

उजाडेपर्यंत ओसरी भरली. बायांनी गळे काढले. एक म्हातारी हौशीरामपाशी येऊन म्हणाली, "रडू नगंस बाबा. अहेवपणी गेली, सोनं झालं तिचं." रीतच आहे तसं म्हणायची, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला भाग्यवान म्हणतात. पण हौशीराम एकदम उसळला, "ते सोनं तुमच्या घरी न्या!" आणि लगेच वरमला. ती म्हातारी रागावली नाही.

मग ठरलेला प्रश्न आला. आरतीला आणायला कोण जाणार? अमृत म्हणाला, मी जातो. शेजारचा सावळेराम म्हणाला, मी जातो, हौशीराम, तू बस. हौशीरामनं चावी खुंटीवरून काढली होती. "गावाच्या समद्या लेकी मी आणल्या," तो म्हणाला, "आन् माझी लेक दुसरा आणील व्हय?" कुणाला त्याला अडवता आलं नाही. निघताना अमृतला म्हणाला, "कुणाला स्टेटस ठेवू देऊ नको." मग आत गेला आणि कुरडयांची पिशवी घेऊन बाहेर आला.

आता हे चूक होतं. मयताच्या घरातून खायची वस्तू कुणाच्या घरी नेत नाहीत, आणि जिथं काल लग्न लागलं त्या घरी तर नाहीच. हौशीरामइतकं हे कुणाला माहीत नव्हतं. पण तिला रिकामे हात दिसायला नकोत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बायांनी बघितलं आणि एकमेकींकडं बघितलं.

ओतूर गेलं, आळेफाटा गेला. सगळ्या वाटेनं तो शब्दांची जुळवाजुळव करत होता. दारात उतरायचं, तिचा हात धरायचा आणि सांगायचं. शब्द दिलाय. एवढं एक वाक्य. फाट्याच्या पुढं त्यानं ते मोठ्यानं म्हणून बघायचा प्रयत्न केला, तर पहिल्या शब्दाशीच अडला.

राजुरीत मांडव अजून अर्धा उतरलेला होता. जीप थांबली तशी खुर्च्या उचलणारी माणसं थबकली. आरती दारातच उभी होती. साधी साडी, केस घट्ट बांधलेले, डोळे सुजलेले. तिची नजर बापाच्या हाताकडं गेली आणि तिथंच राहिली.

हौशीरामनं तोंड उघडलं.

"आण्णा," तीच आधी बोलली, "आईनं कुरडया धाडल्या?"

झालं. सगळी जुळवाजुळव कुठल्या कुठं गेली. तो म्हणाला, "व्हय. तू मागं इसरली व्हती ना." आणि मग आयुष्यभराची सवय आपोआप बोलली, "तिला जरा बरं न्हाई. तुझी याद काढतीया. चल, भेटून ये."

"चला," आरती म्हणाली. "रात्री जागरण झालं, डोळे बघा कसे झालेत माझे."

लंकाबाई पुढं आली. तिनं कुरडयांची पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि आत, थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. दादाभाऊ म्हणाला, "तुमी व्हा म्होरं, मी मागनं आलोच." आरतीनं एक पिशवी घेतली, त्यातून हिरव्या साडीचा काठ दिसत होता, आणि मागं न बसता बापाच्या शेजारी पुढच्या सीटवर बसली.

जीप निघाली. हौशीरामला बोलायचं होतं, कांद्याचं, बिबट्याचं, काहीही. काही सुचेना. तेव्हा आरतीच बोलू लागली.

"काल लग्नाचं सांगितलं आईला?"

"सांगितलं की."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, नवरदेव काळा हाये का गोरा. मी म्हणलं काळा, तर म्हणली, काळी माणसं मायाळू आस्त्यात."

आरती हसली. "तुमाला बघूनच म्हणाली असंल."

"तेच तर. म्हणली, मला नव्हं का काळाच मिळाला!" हौशीरामही हसला. "आन् जेवणात काय व्हतं ते समदं इचारलं. मठ्ठा पातळ व्हता म्हणलं तर म्हणली, आरतीच्या घरात मठ्ठा पातळ व्हायचाच न्हाई, तुमी शेवटच्या पंगतीला बसला आसाल."

"अजून काय म्हणाली?"

तो सांगत गेला. काय सरूबाई बोलली होती, काय बोलली असती, त्याचं त्यालाच कळेना. जुन्या गोष्टीही निघाल्या. लग्न होऊन आली तेव्हा जीपमध्ये बसायला कशी भीत होती, पहिल्यांदा शिवनेरीला नेली तर पायऱ्यांवर कशी रुसून बसली होती. आरती विचारत होती, तो सांगत होता. ओतूर मागं पडलं. सरूबाई सीटवर दोघांच्या मधे बसल्यासारखी झाली होती, नेहमीसारखी कुरकुरत, की गाडी हळू चालवा. उदापूर गेलं तेव्हा आपण कुठून आलोय आणि कुठं चाललोय ते हौशीराम क्षणभर विसरूनही गेला.

मग करंजाचं झाड दिसलं.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. तो उतरला, सीटखालची बाटली घेतली, पलीकडून जाऊन आरतीचं दार उघडलं. ओढा कोरडा पडला होता. "बाय," तो म्हणाला, "तोंड..."

पुढचं येईना.

आरती खाली उतरली. त्याच्यासमोर उभी राहिली. "तसं न्हाई, आण्णा," ती म्हणाली. "आपलं काय ठरलं व्हतं?"

हौशीराम ओढ्यातल्या दगडांकडं बघत राहिला.

"सांगा."

"आरते," तो म्हणाला, "तुझी आई गेली."

मंचरच्या त्या चुलीपुढं म्हणाला होता, त्यानंतर हा शब्द कुठल्याच लेकीसमोर त्याच्या तोंडून निघाला नव्हता. आज सकाळपासून तर कुणाजवळच नाही, स्वतःच्या लेकाजवळसुद्धा नाही. म्हटला आणि मग ती खरीच गेली. इतका वेळ गेली नव्हती. हौशीराम पुलाच्या कठड्यावर बसला.

"मला पहाटंच कळलं," आरती म्हणाली. "सावळेरामकाकांच्या स्वराजनं स्टेटस ठेवला. आईचा फोटू, माझ्या लग्नातला. त्याला हार."

"मंग दारात का न्हाई बोलली?"

"बोलणारच व्हते. पण तुमच्या हातात पिशवी बघितली." ती थांबली. "म्हणलं, जाऊ दे. आण्णांना ओढ्यापर्यंत तरी आई असू दे."

हौशीरामनं टोपी काढून तोंडावर धरली आणि तो रडला. इतकी वर्षं या झाडाखाली त्यानं बायांना रडताना बघितलं होतं, तोंड फिरवून उभा राहिला होता. आज त्याला कळलं की छाती आतून कशी फाटते. आरतीनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. आणि मग तीही रडली, मोठ्यानं, आईला हाका मारत.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पण आण्णा, तुमी चुकला. लोकांच्या लेकींना मेल्यावर 'आजारी हाये' म्हणून आणलं. मला ती आजारी व्हती तवा 'बरी हाये' म्हणून लांब ठिवलं. त्यांना दोन घडी आई दिली, माझी तेवढी काढून घेतली. मांडवात इचारलं मी तुमाला. तवा सांगितलं असतं तर मी तशीच निघाले असते. रात्री तिच्यापाशी बसले असते."

"तिनंच..." हौशीराम म्हणाला, आणि गप्प झाला. मेलेल्या बाईवर ढकलण्यात काय अर्थ होता? "चुकलो, बाय," एवढंच म्हणाला.

"मी इसरणार न्हाई हे," आरती म्हणाली. रागानं नाही म्हणाली, पण खरं म्हणाली. शब्द दिला-घेतला होता तो खऱ्याचाच.

पलीकडच्या वळणावर बाया येऊन उभ्या होत्या. रितीप्रमाणं जीप यायची वाट बघत होत्या. पोरीला धरायला हात मोकळे ठेवून. त्यांना एवढ्या लांबून दिसत होतं, की आज ओढ्याजवळ नेहमीपेक्षा उशीर लागतोय.

आरतीनं पदरानं डोळे पुसले. हिरव्या साडीची पिशवी काखेत घट्ट धरली. बापाच्या हातातून बाटली घेतली, झाकण काढलं.

"आण्णा," ती म्हणाली, "तोंड धुऊन घ्या."

हौशीरामनं ओंजळ पुढं केली.